जलवाहिनीवरील फ्लो स्विच : बसवणी, वीजजोडणी आणि देखभाल



वार्षिक अहवालातील जमाखर्चात ‘यंत्रसामग्री’ या शीर्षाकडे सर्वांचे लक्ष जाते. तेथे डायलिसिस यंत्र, क्ष-किरण यंत्र, जनित्र अशी मोठी नावे असतात आणि त्यांच्यापुढे देणगीदारांची आदराने नोंद केलेली असते. त्याखालील ‘दुरुस्ती व देखभाल’ हे शीर्ष मात्र सहसा वाचले जात नाही. झडपा, वायरी, रिले, गाळण्या अशा किरकोळ वस्तूंचा तो हिशेब असतो. त्यांपैकीच एका वस्तूचा परिचय या लेखात करून देत आहोत. तिचे नाव फ्लो स्विच. नळातून पाणी खरोखर वाहते आहे किंवा नाही, हे ओळखून विजेचा मार्ग जोडणारे किंवा तोडणारे हे उपकरण आहे. प्लंबर आणि वायरमन यांच्या तोंडी हाच शब्द असल्याने आम्हीही तोच वापरला आहे.

ही माहिती आपल्यासारख्या इतर ग्रामीण संस्थांनाही उपयोगी पडावी, या हेतूने ती टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

१. हा विषय रुग्णालयाचा कसा?

डायलिसिसच्या एका सत्रात यंत्रातून साधारणपणे दर मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. सत्र चार तासांचे, म्हणजे २४० मिनिटांचे. हिशेब केला असता एका रुग्णाच्या एका सत्रासाठी १२० लिटर शुद्ध पाणी लागते. आठवड्यातून तीन सत्रे घेणाऱ्या रुग्णाचे रक्त एका पातळ पडद्याआडून आठवड्याला ३६० लिटर पाण्याच्या सान्निध्यात येते. निरोगी मनुष्य दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरले, तर त्याचे आठवड्याचे पाणी होते १४ लिटर. शिवाय शुद्धीकरण संयंत्र, ज्याला आपण आर. ओ. म्हणतो, ते घेतलेल्या पाण्यापैकी बराच भाग क्षारांसह बाहेर टाकून देते. त्याचे प्रमाण निम्मे धरल्यास एका सत्रामागे सुमारे २४० लिटर कच्चे पाणी संयंत्राला पुरवावे लागते.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा. चैत्र-वैशाखात विहिरीचा आणि बोअरचा उपसा सुरू केला की काही वेळाने पाणी तुटते, पंप हवा ओढू लागतो आणि तासाभराने भेगांतून पुन्हा थोडे पाणी जमते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. अशा भूभागात रुग्णालयाचा पंप ‘चालू आहे’ एवढ्या माहितीवर निर्धास्त राहता येत नाही.

डायलिसिस चालू असताना पाणी थांबले तर काय होते, हे आप्तेष्टांनी जाणून घ्यावे. यंत्राला स्वतःची सूचनाव्यवस्था असते. पाणी न मिळाल्यास ते इशारा देते, आणि पुरवठा लवकर पूर्ववत झाला नाही तर तंत्रज्ञ रुग्णाचे रक्त त्याच्या शरीरात परत देऊन सत्र थांबवतो. रुग्णावर त्याच क्षणी संकट येते असे नाही. परंतु शरीरात साठलेले पाणी व पोटॅशियम पुरते निघालेले नसते. पोटॅशियम वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील खेड्यातून पहाटेच्या एस. टी. ने आलेला रुग्ण अर्धे सत्र घेऊन परत जातो, तेव्हा पुढचे दोन दिवस त्या घरात कोणाला स्वस्थता नसते. पाणी तुटल्याची वार्ता डायलिसिस यंत्राला कळण्याआधी पंपघराला कळली, तर हा प्रसंग पुष्कळदा टाळता येतो. टाकीतील शिल्लक संपण्यापूर्वी दुसरा बोअर सुरू करता येतो किंवा टँकर मागवता येतो. फ्लो स्विचचे महत्त्व या मिळालेल्या वेळात आहे.

२. दाबमापक आणि फ्लोट असताना फ्लो स्विच कशाला?

हा प्रश्न खर्च मंजूर करणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असाच आहे. पंपघरात तीन साक्षीदार आधीपासून असतात. पहिला स्टार्टरवरचा दिवा. तो सांगतो की मोटरला वीज मिळाली. मोटर फिरते आहे, हेही तो खात्रीने सांगत नाही. दुसरा दाबमापक. पुढची झडप चुकून बंद राहिली असेल, तर दाबमापकाचा काटा भरपूर दाब दाखवतो, पण पाण्याचा थेंबही पुढे जात नाही. तिसरा टाकीतील फ्लोट. तो पाण्याची पातळी सांगतो, आणि पातळी उतरेपर्यंत पुरवठा बंद पडून बराच वेळ लोटलेला असतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर व्यापाऱ्याचे बिल आले म्हणजे माल आला असे होत नाही. माल गोदामात उतरल्याची आवक-नोंद लागते. स्टार्टरचा दिवा हे बिल होय, आणि फ्लो स्विच ही आवक-नोंद. लेखापरीक्षक ज्या कारणासाठी दुसरा कागद मागतो, त्याच कारणासाठी पंपघरातही दुसरी साक्ष हवी.

पंपाचे रक्षण हा दुसरा लाभ. पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबल पंपाची मोटर सभोवतालच्या पाण्यानेच थंड राहते आणि तिच्या बेअरिंगना वंगण म्हणूनही पाणीच मिळते. जमिनीवरील पंपाचे सील पाण्याच्या पातळ थरावर फिरते. असा पंप कोरडा चालला तर सील किंवा वाइंडिंग जळून जाते. मोटर भरून आणण्याचा खर्च फ्लो स्विचच्या किमतीहून बराच अधिक असतो, आणि मोटर भरून येईपर्यंतचे दिवस कोणत्याही दराने विकत मिळत नाहीत.

३. रचना

सर्वाधिक वापरात असलेला प्रकार पात्याचा आहे. नळाच्या आत एक लवचीक धातूचे पाते टांगलेले असते. पाणी वाहू लागले की ते पात्याला पुढे ढकलते. पात्याचा दांडा एका घडीदार धातूच्या नळीतून वर डबीत जातो. या नळीमुळे दांडा हलू शकतो, मात्र पाणी डबीत शिरत नाही. डबीत एक लहान विद्युत स्विच असतो, त्याला दांडा दाबतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग पात्याला मागे आणते आणि स्विच पूर्वस्थितीत येतो.

डबीतील स्विचला बहुधा तीन टोके असतात. एक सामाईक. दुसरे प्रवाह असताना सामाईकाशी जोडले जाणारे. तिसरे प्रवाह नसताना जोडले जाणारे. शेजारी एक स्क्रू असतो. तो आवळला की स्विच पलटण्यासाठी अधिक प्रवाह लागतो, सैल केला की कमी पुरतो. ज्या प्रवाहाला स्विच जोडला जातो, त्यापेक्षा काहीशा कमी प्रवाहाला तो तुटतो. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते नसते तर सीमेवरच्या प्रवाहात स्विच सतत उघडझाप करीत राहिला असता.

४. जागेची निवड

फ्लो स्विचच्या बहुतेक तक्रारी उपकरणाच्या नसून जागेच्या असतात. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

पहिला नियम सरळ नळाचा. एल्बो, झडप किंवा गाळणी यांच्या लगत पाणी घुसळत असते, त्यामुळे पाते थरथरते. स्विचच्या दोन्ही बाजूंना नळाच्या व्यासाच्या किमान पाचपट लांबीचा सरळ तुकडा असावा. दोन इंची नळ असेल तर दोन्हीकडे किमान दहा इंच. पाणी येणाऱ्या बाजूला याहून अधिक जागा मिळाली तर उत्तम.

दुसरा नियम दिशेचा. डबीवर बाण कोरलेला असतो. तो पाण्याच्या दिशेनेच असला पाहिजे. उलटा बसवलेला स्विच कधीच जोडला जात नाही.

तिसरा नियम ठेवणीचा. आडव्या नळावर डबी वरच्या अंगाला, सरळ उभी असावी. नळाच्या खालच्या अंगाला ती कधीही लावू नये, कारण तेथे गाळ साचून पाते अडकते. उभ्या नळावर बसवणे भाग असेल, तर पाणी खालून वर जाणाऱ्या नळावरच बसवावे. वरून खाली येणाऱ्या पाण्यात पात्यावर स्वतःचे वजन आणि पाण्याचा भार एकाच दिशेने येतात आणि स्विच पूर्वस्थितीत येण्याची खात्री राहत नाही.

चौथा नियम परिसराचा. डबी उघड्यावर असल्यास ती पावसापाण्यापासून सुरक्षित अशा बनावटीची घ्यावी आणि तिचे झाकण उघडता येईल एवढी मोकळी जागा सोडावी. जे झाकण सहज उघडता येत नाही, ते कोणी उघडून पाहत नाही.

५. कोठे बसवू नये?

हा भाग रुग्णालयांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या फ्लो स्विचचे अंग पितळेचे असते आणि पाते पितळ किंवा तत्सम मिश्रधातूचे. कच्च्या पाण्याच्या नळावर, म्हणजे आर. ओ. संयंत्राच्या अलीकडे, ते चालते. आर. ओ. मधून बाहेर पडलेल्या शुद्ध पाण्याच्या नळावर ते मुळीच चालत नाही. क्षार काढून टाकलेले पाणी तांबे, पितळ व जस्त यांना हळूहळू विरघळवते. तांबे रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणूनच शुद्ध पाण्याच्या मार्गात तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला नळ हे तिन्ही वर्ज्य मानले जातात.

शिवाय टी लावून स्विच बसवला की नळात एक खोबण तयार होते. तेथे पाणी साचून राहते, आणि साचलेल्या शुद्ध पाण्यात जंतूंचा थर वाढू लागतो. यासाठी शुद्ध पाण्याच्या वळशावर प्रवाह पाहणे आवश्यक असेल, तर ते काम संयंत्राच्या निर्मात्यानेच, वैद्यकीय उपयोगास योग्य अशा पोलादी किंवा प्लास्टिकच्या उपकरणाने करावे. आमच्या रुग्णालयात पात्याचा स्विच बसवला आहे तो कच्च्या पाण्याच्या पंपानंतर आणि वाळूच्या गाळणीच्या अलीकडे. त्यापुढे कोठेही नाही.

६. बसवणीचा क्रम

प्रथम पंपाची वीज मुख्य स्विचवरून बंद करून तेथे ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. नळातील दाब पूर्ण उतरवावा. नंतर योग्य मापाचा टी बसवावा. टीचे वरचे तोंड स्विचच्या आट्यांच्या मापाचे असावे, ते बहुधा एक इंच असते. मोठ्या तोंडाचा टी घेऊन त्यात बुशिंग बसवले, तर बुशिंगच्या उंचीमुळे पाते वर उचलले जाणार नाही, हे पाहावे.

स्विचसोबत वेगवेगळ्या लांबीची पाती येतात. नळाच्या व्यासाप्रमाणे योग्य ते पाते निवडावे किंवा निर्मात्याच्या तक्त्यात दिलेल्या मापाला कापावे. बसवल्यावर पाते नळाच्या भिंतीला कोठेही टेकता कामा नये. ते मोकळेपणाने मागेपुढे हलते, याची हाताने खात्री करूनच पुढे जावे.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जाऊन पात्याला अडकत नाहीत. स्विच आवळताना पाना फक्त षट्कोनी भागावर लावावा. डबीला धरून पिळल्यास आतील जुळणी बिघडते. शेवटी बाणाची दिशा पुन्हा पाहावी, पाणी सोडून गळती तपासावी आणि मगच वायरमनला बोलवावे.

७. वीजजोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. येथे दिलेली माहिती आपण स्वतः वायर जोडावी यासाठी नाही. झालेल्या कामाविषयी योग्य प्रश्न विचारता यावेत, यासाठी ती आहे.

पहिली गोष्ट अशी की, फ्लो स्विचमधून मोटरचा प्रवाह नेऊ नये. तो स्विच नाजूक असतो. मोटरची वीज कॉन्टॅक्टर सांभाळतो, फ्लो स्विच केवळ कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आज्ञा देतो. आपल्याकडील अनेक तीन-फेज स्टार्टरमध्ये ही कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते, आणि फ्लो स्विचची क्षमता पुष्कळदा २५० व्होल्टपर्यंतच असते. अशा वेळी मध्ये कमी व्होल्टचा रिले घालणे अवश्य आहे. स्विचच्या डबीतील अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडू नये. वायर डबीत खालच्या बाजूने शिरावी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी डबीत न जाता खाली ठिबकते.

दुसरी गोष्ट आरंभाची. पंप सुरू होण्याच्या क्षणी नळात प्रवाह नसतो. ‘प्रवाह असेल तरच पंप चालावा’ एवढीच अट घातली, तर पंप कधीच सुरू होणार नाही. यासाठी टायमर लागतो. सुरू केल्यापासून ठरावीक सेकंदांपर्यंत टायमर फ्लो स्विचला वळसा देतो. तेवढ्या अवधीत पाणी आले तर पुढचा ताबा स्विचकडे जातो, न आल्यास पंप बंद पडतो. पाणी स्विचपर्यंत येण्यास प्रत्यक्ष किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे, त्यावर थोडी सवलत ठेवावी आणि टायमर त्यानुसार लावावा. वीज जाऊन परत आल्यावर टायमर पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, हेही तपासावे. पाण्यातून हवेचा एखादा बुडबुडा गेला म्हणून पंप बंद पडू नये, यासाठी तोडण्यालाही काही सेकंदांचा विलंब ठेवतात. आणि पाण्याअभावी बंद पडलेला पंप आपोआप पुन्हा सुरू होऊ देऊ नये. कोणीतरी येऊन कारण पाहावे आणि मगच बटण दाबावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती भोंग्याची. सोपी वाटणारी जोडणी अशी असते की, प्रवाह थांबल्यावर जोडल्या जाणाऱ्या टोकातून वीज जाऊन भोंगा वाजतो. या रचनेत एक दोष आहे. उंदराने वायर कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला, तर पाणी थांबूनही भोंगा गप्प राहतो. गप्प भोंगा आणि सुरळीत पाणी यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. म्हणून जोडणी उलट करावी. प्रवाह असताना जोडल्या जाणाऱ्या टोकातून एक रिले सतत ओढलेला ठेवावा. प्रवाह थांबला, वायर तुटली, स्क्रू सुटला किंवा त्या मार्गाची वीज गेली, तरी रिले सुटतो आणि सुटलेला रिले भोंगा वाजवतो. भोंग्याची स्वतःची वीज बॅटरीवरून घ्यावी, नाहीतर वीज गेल्यावर भोंगाही मुका होईल. अशा जोडणीत कधीतरी विनाकारण भोंगा वाजेल. तो त्रास पत्करावा. विनाकारण वाजलेल्या भोंग्याने वायरमनची झोपमोड होते, न वाजलेल्या भोंग्याने रुग्णाचे सत्र बुडते.

मात्र संयंत्राला पाणी नको असतानाही भोंगा वाजू लागला, तर कंटाळून कोणीतरी त्याची वायर काढून ठेवणार, हा मनुष्यस्वभाव आहे. यासाठी ‘संयंत्र पाणी मागत आहे आणि प्रवाह नाही’ या दोन्ही अटी एकत्र आल्यावरच भोंगा वाजेल, अशी मांडणी करावी. भोंगा पंपघरात नव्हे, तर डायलिसिस कक्षातील परिचारिकांच्या टेबलाजवळ असावा.

८. मोजणी आणि मासिक चाचणी

स्विच कोणत्या प्रवाहावर पलटतो, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी महागडे मापकही लागत नाही. २०० लिटरचा पिंप आणि घड्याळ पुरते. समजा, पिंप १०० सेकंदांत भरला, तर प्रवाह सेकंदाला दोन लिटर झाला. दोन इंची नळाचा आतील व्यास ५२ मिलिमीटर धरल्यास पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ९४ सेंटिमीटर येतो. आता झडप थोडी थोडी बंद करीत जावे, स्विच ज्या क्षणी तुटेल त्या स्थितीत पुन्हा पिंप भरून वेळ मोजावी. संयंत्राला लागणाऱ्या किमान प्रवाहापेक्षा पाणी कमी होण्याआधी स्विच तुटला पाहिजे. तसे नसेल तर स्क्रू थोडा आवळून पुन्हा मोजावे. कारखान्याने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली स्क्रू सैल करू नये, कारण मग प्रवाह थांबल्यावरही स्विच परत येईलच असे नाही.

आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते. पाते आणि घडीदार नळी यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो व पाते जागच्या जागी आखडते. प्रवाहाच्या स्थितीत आखडलेले पाते सर्वांत घातक, कारण ते ‘पाणी आहे’ अशी खोटी ग्वाही देत राहते. या दोषावर कोणत्याही वीजजोडणीचा इलाज चालत नाही. इलाज एकच आहे, दरमहा चाचणी. रुग्ण नसतील अशा वेळी पंप चालू ठेवून पुढची झडप हळूहळू बंद करावी, भोंगा वाजतो का आणि ठरलेल्या सेकंदांत पंप थांबतो का ते पाहावे. नंतर एक वायर काढून भोंगा वाजतो का तेही पाहावे. दिनांक, सेकंद आणि सही नोंदवहीत लिहावी. वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, स्विच उतरवून पाते स्वच्छ करावे.

९. फ्लो स्विच काय सांगत नाही?

उपकरणाची स्तुती करताना त्याची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. फ्लो स्विच पाणी वाहते एवढेच सांगतो, पाणी चांगले आहे असे सांगत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू या गावी दुष्काळी परिस्थितीत जलाशयाचे पाणी टँकरने एका डायलिसिस केंद्रास पुरवले जात होते. त्यात नील-हरित शेवाळाचे विष उतरले होते आणि पाण्यावरील प्रक्रिया अपुरी होती. सुमारे पन्नास रुग्ण दगावले. तेथे प्रवाहात कोठेही खंड नव्हता. टँकरचे पाणी घेण्याची वेळ आपल्या जिल्ह्यातही येते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले आहे. क्लोरीनची तपासणी, क्षारांचे मापन, जंतुपरीक्षण ही कामे वेगळी आहेत आणि ती वेगळीच राहिली पाहिजेत. तसेच, डायलिसिस यंत्रांची स्वतःची सूचनाव्यवस्था ही अंतिम सुरक्षा होय. फ्लो स्विच तिच्या आधीचा पहारेकरी आहे, तो तिची जागा घेऊ शकत नाही.

१०. अग्निशमन वाहिनीवरील भावंड

याच जातीचा एक स्विच छतावरील स्प्रिंकलरच्या नळावर असतो. तेथे त्याचे काम उलट आहे. एरवी पाणी स्थिर असते, आग लागून स्प्रिंकलर उघडला की पाणी वाहू लागते आणि त्या हालचालीवरून धोक्याची घंटा वाजते. हा स्विच बहुधा नळाला भोक पाडून, खोगिरासारखा वरून कसला जातो. भोक पाडताना निघालेली धातूची चकती नळात राहू नये म्हणून ती स्विचलाच बांधून ठेवण्याची उत्तम पद्धत आहे. पाहणाऱ्याला ती दिसली की शंका उरत नाही. पाण्याच्या क्षणिक धक्क्याने घंटा वाजू नये म्हणून या स्विचमध्ये काही सेकंदांचा विलंब असतो. चाचणीसाठी नळाच्या शेवटी एक झडप ठेवलेली असते, ती उघडून घंटा वाजते का ते पाहायचे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्यानंतर अग्निसुरक्षेचा प्रश्न राज्यातील प्रत्येक रुग्णालयापुढे उभा राहिला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक यंत्रणेकडून घेऊन सादर करावे लागते. विश्वस्तांनी ते प्रमाणपत्र पाहताना एक प्रश्न अवश्य विचारावा : चाचणीची झडप उघडून घंटा प्रत्यक्ष वाजवून पाहिली का?

११. आपणास विनंती

देणगीदारांना यंत्र देण्यात समाधान वाटते, आणि ते योग्यच आहे. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, फ्लो स्विचवर लावता येत नाही. परंतु प्रत्येक मोठ्या यंत्राच्या मागे पाणी, वीज आणि हवा यांची एक दीर्घ साखळी असते व ती अशा लहान कड्यांनी जोडलेली असते. यंत्रासाठी देणगी देताना तिचा काही अंश त्या यंत्राच्या पाण्यासाठी, विजेसाठी आणि देखभालीसाठी राखून ठेवण्याची संमती दिल्यास ते दान अधिक काळ टिकेल.

विश्वस्तांना विनंती की, बैठकीत ताळेबंदासोबत फ्लो स्विचची नोंदवहीही मागवावी. ज्या महिन्यापुढे सही नाही, त्या महिन्यात स्विच होता असे धरू नये. आप्तेष्टांना विनंती की, डायलिसिस कक्षात भोंगा वाजला तर घाबरून जाऊ नये. पाणी अडल्याची वार्ता वेळेवर पोहोचली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्या वेळी परिचारिकांना त्यांचे काम करू द्यावे. भोंग्याची चाचणी कधी झाली, हे मात्र आपण केव्हाही विचारू शकता. नोंदवही कक्षाबाहेरील खुंटीवर टांगलेली असते आणि ती पाहण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.



— प्रशासकीय विभाग